लेझर-प्लाझ्मा त्वरक आणि मशीन लर्निंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेझर-प्लाझ्मा त्वरकावर काम सुरू करणारे विद्यार्थी, लेझर चालवणारे तंत्रज्ञ आणि मशीन लर्निंगकडून या क्षेत्रात आलेले लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. पहिले काही प्रश्न नवख्यांसाठी आहेत. ज्यांचं लेझरशी रोजचं नातं आहे त्यांनी थेट प्रश्न ६ पासून वाचलं तरी चालेल.

१. लेझर-प्लाझ्मा त्वरक म्हणजे नेमकं काय?

अतितीव्र लेझर पल्स वायूत शिरली की वायूचा प्लाझ्मा होतो आणि पल्सचं पाँडरमोटिव्ह बल (तीव्र प्रकाशाचा कमी तीव्रतेकडे ढकलणारा जोर) इलेक्ट्रॉनांना बाजूला ढकलतं. जड आयन जागेवरच राहतात. त्यांच्या ओढीने इलेक्ट्रॉन परत आत येतात आणि पल्सच्या मागोमाग धावणारी एक लहर उभी राहते. या लहरीतल्या विद्युत क्षेत्रावर स्वार झालेल्या इलेक्ट्रॉनांना काही मिलिमीटरमध्ये शेकडो मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळू शकते.

प्लाझ्माची घनता प्रति घन सेंटिमीटर १०^१८ इलेक्ट्रॉन असेल तर हे क्षेत्र मीटरमागे सुमारे ९६ अब्ज व्होल्ट या पातळीचं असतं. नेहमीच्या त्वरकातल्या आरएफ कॅव्हिटीत (रेडिओ लहरींवर चालणाऱ्या धातूच्या पोकळीत) दहा कोटी व्होल्टच्या पुढे जाणं अवघड. कल्पना टाजिमा आणि डॉसन यांनी १९७९ मध्ये मांडली. छोट्या, तीव्र पल्स देणारं तंत्र १९८५ मध्ये स्ट्रिकलंड आणि मूरू यांनी दाखवलं. २००४ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी अरुंद ऊर्जापट्टीचे बीम मिळवले. आणि २०१९ मध्ये बर्कलेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने २० सेंटिमीटर प्लाझ्मात ७.८ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट गाठले.

२. यात मशीन लर्निंग कशाला हवं? अनुभवी माणूस हाताने ट्यून करतोच की.

करतो, आणि चांगलं करतो. पण माणूस बहुतेक वेळा एका वेळी एकच नॉब (बदलता येणारं सेटिंग) फिरवतो, आणि इथले नॉब एकमेकांत गुंतलेले असतात. घनता वाढवली की प्लाझ्मा लहरीची लांबी कमी होते (१०^१८ ला सुमारे ३३ मायक्रॉन, ५ × १०^१८ ला सुमारे १५), त्यामुळे पल्सची योग्य लांबी बदलते. शिवाय पल्स आपोआप आवळली जाण्याची मर्यादा बदलते, म्हणून फोकसची योग्य जागा सरकते. इलेक्ट्रॉन लहरीच्या पुढे निघून जाण्याचं अंतरही घटतं, म्हणजे सेलची योग्य लांबीही बदलली. एकेक नॉब फिरवून तुम्ही एखाद्या कडेवर पोचता आणि तेच शिखर समजता.

सगळे बिंदू तपासायचे म्हटलं तर? सहा नॉब, प्रत्येकाच्या पाच जागा, म्हणजे १५,६२५ सेटिंग्ज. प्रत्येकी १० शॉट (लेझर पल्स) घेतले तर सेकंदाला एक शॉट देणाऱ्या लेझरवर ४३ तासांहून अधिक वेळ लागेल, आणि तेवढ्या वेळात लेझर स्वतःच बदललेला असेल (प्रश्न १२).

३. हे प्रत्यक्षात कुठे चाललं आहे का?

हो. २०१५ मध्ये मिशिगन विद्यापीठात जेनेटिक अल्गोरिदमने (चांगल्या सेटिंग्जच्या पिढ्या घडवत शोधणाऱ्या पद्धतीने) डिफॉर्मेबल मिररचा, म्हणजे पृष्ठभाग वाकवता येणाऱ्या आरशाचा, आकार बदलत अर्ध्या किलोहर्ट्झच्या लेझरवर इलेक्ट्रॉन बीम सुधारला गेला. २०२० मध्ये ब्रिटनच्या सेंट्रल लेझर फॅसिलिटीत झालेल्या कामात बेझियन ऑप्टिमायझेशनने (आधीच्या मोजमापांवरून मॉडेल बांधून पुढचं सेटिंग निवडणाऱ्या पद्धतीने) १ हर्ट्झवर सहापर्यंत नॉब एकत्र हाताळले. २०२१ मध्ये हॅम्बुर्गच्या डेसी केंद्रातल्या लक्स या त्वरकावर याच पद्धतीने कमी ऊर्जा-पसाऱ्याचे बीम मिळवले. त्यानंतर ही पद्धत अनेक प्रयोगशाळांच्या रोजच्या कामात आली आहे.

४. अल्गोरिदमच्या हाती कोणते नॉब द्यावेत?

सुरुवातीला चार पुरेत: घनता, फोकसची प्लाझ्मातली जागा, पल्सचा वर्णपटीय फेज (पल्समधले वेगवेगळे रंग एकमेकांच्या किती पुढेमागे आहेत) आणि लेझर ऊर्जा.

घनता वायूच्या दाबाने बदलते. खोलीच्या तापमानाला १०० मिलिबार हीलियम पूर्ण आयनीभूत झालं की प्रति घन सेंटिमीटर सुमारे ५ × १०^१८ इलेक्ट्रॉन होतात. यावरून तुमच्या दाबाची कक्षा ठरवा. नायट्रोजन मिसळत असाल तर त्याचं प्रमाण (साधारण १ ते ५ टक्के) हा पाचवा नॉब. मात्र मिश्रण बदलायला वेळ लागतो, म्हणून ते बाहेर ठेवून रन वेगवेगळे करणं बरं.

फेजसाठी अकूस्टो-ऑप्टिक फिल्टर (ध्वनिलहरींनी पल्सचा फेज बदलणारं उपकरण) असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या ऑर्डरचे आकडे द्या. ३० फेमटोसेकंदांच्या पल्सला दुसऱ्या ऑर्डरचे ५०० चौरस फेमटोसेकंद दिले की ती ५५ फेमटोसेकंदांची होते, म्हणजे उणे ते अधिक ५०० ही कक्षा सुरुवातीला भरपूर आहे.

एकच परिणाम करणारे दोन नॉब एकत्र देऊ नका. कॉम्प्रेसरच्या ग्रेटिंगमधलं अंतर आणि फिल्टरचा दुसऱ्या ऑर्डरचा फेज हे जवळजवळ एकच काम करतात. डिफॉर्मेबल मिररचं डिफोकस आणि गॅस सेलचं पुढेमागे सरकणंही तसंच. दोन्ही दिलेत तर अल्गोरिदम एका लांबलचक सपाट दरीत भटकत राहतो आणि शॉट वाया जातात.

५. मोजायचं काय आणि कशाने?

द्विध्रुव चुंबकाचा स्पेक्ट्रोमीटर आणि त्यासमोरचा फॉस्फर पडदा ऊर्जा देतात. चार्ज कॅलिब्रेट केलेल्या पडद्यावरून किंवा करंट ट्रान्सफॉर्मरवरून मिळतो. याखेरीज दर शॉटला लेझरची ऊर्जा, दूरक्षेत्र कॅमेऱ्यावरची फोकसची जागा आणि वायूचा खरा दाब नोंदवा. ही दुसरी यादी लोक गाळतात आणि पुढे हळहळतात: नॉब कुठे ठेवला यापेक्षा तो प्रत्यक्षात कुठे होता हे मॉडेलला जास्त उपयोगी पडतं.

६. एक रन पहिल्यापासून शेवटपर्यंत कसा चालवायचा?

आधी संदर्भबिंदू ठरवा: हाताने मिळालेलं, बीम देणारं कोणतंही सेटिंग. त्यावर १०० शॉट घ्या आणि शॉट-दर-शॉट चढउतार मोजा. हा आकडा हाती नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

मग शॉट क्रमांकांचा ताळमेळ तपासा. एका ठरावीक शॉटला लेझर अडवा आणि स्पेक्ट्रोमीटर, ट्रान्सफॉर्मर व ऊर्जामापक या तिन्हींच्या नोंदींत शून्य त्याच क्रमांकावर येतं का ते बघा. एखादा कॅमेरा एक शॉट मागे असेल तर प्रत्येक सेटिंगच्या पहिल्या शॉटचा निकाल आधीच्या सेटिंगचा असतो. ही चूक ऑप्टिमायझेशनचा घात करते, आणि बाहेरून ती निव्वळ नॉइजसारखी दिसते.

त्यानंतर प्रत्येक नॉबची कक्षा ठरवा (सुरक्षेच्या मर्यादांसाठी प्रश्न १६) आणि सोबोल किंवा लॅटिन हायपरक्यूब पद्धतीने (दोन्ही बिंदू सगळीकडे सारखे पसरवतात) सुरुवातीचे बिंदू पसरा. नॉबच्या संख्येच्या तीन ते पाच पट बिंदू ठेवा. चार नॉबना १२ ते २०. निव्वळ यादृच्छिक बिंदू घेतले तर ते एका बाजूला गर्दी करतात.

मग फेरा सुरू: मॉडेल बसवा, पुढचा बिंदू मागा, नॉब हलवा, स्थिरावण्याची वाट पाहा, शॉट घ्या, गुण (बीम किती चांगला याचा आकडा, प्रश्न ७) काढा, नोंदवा. 'वाट पाहा' हा टप्पा गाळू नका. दाब बदलल्यावर सेलमधला वायू स्थिरावेपर्यंतचे शॉट टाकून द्या. किती टाकायचे ते दाबाच्या नोंदीवरून एकदा बघून ठेवा. मोटर नेहमी एकाच दिशेने इच्छित जागी आणा, म्हणजे गिअरमधला ढिलेपणा नडत नाही.

दर दहाव्या बिंदूला संदर्भबिंदूवर परत या. याचं कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

७. ऑब्जेक्टिव्ह फंक्शन (गुण काढण्याचं सूत्र) कसं लिहायचं?

सगळ्या कामात आम्हाला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो. कोणता अल्गोरिदम वापरायचा यावर लोक तासन् तास वाद घालतात आणि गुण काढण्याचं सूत्र मात्र पाच मिनिटांत लिहून टाकतात. अल्गोरिदम तुमच्या मनातला बीम शोधत नाही, तुम्ही लिहिलेला आकडा वाढवतो.

एक उदाहरण घ्या. बीम 'अ': चार्ज २० पिकोकुलोंब, मध्यक ऊर्जा २०० मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचा पसारा त्याच एककात ५. बीम 'ब': १०० पिकोकुलोंब, १५० मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट, पसारा ३०. गुण म्हणून चार्ज गुणिले ऊर्जा घेतलीत तर 'अ'ला ४,००० आणि 'ब'ला १५,००० मिळतात, आणि अल्गोरिदम बिनदिक्कत 'ब'कडे, म्हणजे रुंद, विस्कटलेल्या बीमकडे जातो. आता चार्जचं वर्गमूळ गुणिले मध्यक ऊर्जा भागिले पसारा असं सूत्र घ्या. 'अ'ला १७९, 'ब'ला ५०. अरुंद बीम हवा असेल तर हे सूत्र बरं. चार्जचं वर्गमूळ घेतल्याने चार्जचा दबदबा कमी होतो, पण तो पूर्ण नाहीसा होत नाही.

सरासरी आणि प्रमाण विचलनाऐवजी मध्यक आणि मध्यक निरपेक्ष विचलन (मध्यकापासूनच्या अंतरांचा मध्यक) वापरा. कमी ऊर्जेकडची लांब शेपटी प्रमाण विचलनाला फुगवते आणि मुख्य शिखर कितीही सुधारलं तरी गुण हलत नाहीत. उलट तुमच्या वापराला ती शेपटी खरोखरच नडत असेल, तर तिच्यासाठी वेगळी वजावट लिहा. ठरावीक ऊर्जाच हवी असेल तर 'लक्ष्यापासूनचं अंतर' घ्या आणि त्या अंतराची सहनशीलताही स्पष्ट लिहा. रिकाम्या शॉटला या सूत्राचं काय होतं ते प्रश्न १३ मध्ये.

८. एका सेटिंगला किती शॉट घ्यायचे?

गुणांचा शॉट-दर-शॉट चढउतार २५ टक्के असेल तर ५ शॉटच्या सरासरीतली अनिश्चितता ११ टक्के, १० शॉटची ८ टक्के, २० शॉटची ५.६ टक्के. म्हणजे शॉट दुप्पट केले तरी फायदा दुप्पट होत नाही. एकूण शॉट ठरलेले असतील तर आमचा कल कमी शॉट आणि जास्त बिंदू याकडे असतो, साधारण ५ ते १०, कारण शेजारच्या बिंदूंवरून सरासरी काढण्याचं काम मॉडेल स्वतःच करतं. अपवाद एकच: नॉब हलवून स्थिरावायला शॉटपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर एका जागी जास्त शॉट घेणंच किफायतशीर.

९. बेझियन ऑप्टिमायझेशनच का? न्यूरल नेटवर्क किंवा जेनेटिक अल्गोरिदम का नाही?

शॉट महाग आहेत आणि मोजमाप नॉइजी आहे म्हणून. गॉशियन प्रोसेस (बेझियन ऑप्टिमायझेशनमधलं मॉडेल) काही डझन बिंदूंवरही शहाणा अंदाज देते आणि त्या अंदाजाची अनिश्चितताही सांगते; त्यामुळे पुढचा शॉट माहिती वाढवायला खर्चायचा की हाती आलेलं सुधारायला, हे हिशेबाने ठरवता येतं. न्यूरल नेटवर्कला हजारो नोंदी लागतात. त्या असतील तर लेझरच्या मोजमापांवरून बीमचा अंदाज बांधायला ती उत्तम आहेत. जेनेटिक अल्गोरिदमला प्रत्येक पिढीत पुष्कळ शॉट लागतात. लेझर वेगवान असेल आणि नॉब बरेच असतील (मिररचे डझनावारी ॲक्च्युएटर) तर तो अजूनही उपयोगाचा.

१०. गॉशियन प्रोसेसच्या कोणत्या सेटिंग्जकडे लक्ष द्यायचं?

सगळे नॉब ० ते १ मध्ये आणा आणि गुण प्रमाणित करा. कर्नल (जवळच्या बिंदूंचे गुण किती सारखे असावेत हे सांगणारं फलन) माटेर्न ५/२ घ्या; त्याचा फार गुळगुळीत भाऊ, वर्ग-घातांकी कर्नल, या प्रक्रियांतल्या तीव्र चढांना सपाट करून टाकतो. प्रत्येक नॉबला वेगळी लांबी-मोजणी (नॉब किती हलवला की गुण लक्षणीय बदलतात ते अंतर) द्या. शून्य नॉइज कधीही गृहीत धरू नका. प्रत्येक बिंदूच्या शॉटवरून मोजलेलं व्हेरियन्स मॉडेलला पुरवलं तर आणखी चांगलं, कारण बीम जुळण्याच्या उंबरठ्यावर चढउतार जास्त असतात आणि आत कमी.

दर काही फेऱ्यांनी लांबी-मोजणी वाचा. एखादी १० वर गेली तर तो नॉब परिणामच करत नाही किंवा तुम्ही दिलेली कक्षा फार अरुंद आहे. ०.०५ च्या खाली गेली तर मॉडेल नॉइजवर बसतं आहे, किंवा प्रश्न ६ मधला शॉट क्रमांकाचा घोळ झाला आहे. नॉइज असल्यामुळे पुढचा बिंदू निवडताना 'अपेक्षित सुधारणा' या निकषाची नॉइज धरणारी आवृत्ती घ्या. साधी आवृत्ती एका नशीबवान शॉटमागे धावते.

११. किती बिंदूंत उत्तर मिळावं?

चार नॉबना साधारण ३० ते ६० बिंदूंत गुण स्थिरावताना दिसावेत. शंभर बिंदूंनंतरही मॉडेलला दिशा सापडत नसेल तर आणखी शॉट घेऊन काही होणार नाही. गुणांचं सूत्र, नॉइज आणि नॉबच्या कक्षा परत तपासा.

१२. काल सापडलेलं उत्तम सेटिंग आज का चालत नाही?

लेझर तोच राहिलेला नाही. तापमानाबरोबर आरसे सरकतात, ॲम्प्लिफायरची ऊर्जा हळूहळू बदलते, कॉम्प्रेसरच्या ग्रेटिंगवर उष्णता चढते, नोझल झिजतं. लक्सवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात २४ तासांत सुमारे एक लाख सलग इलेक्ट्रॉन बीम घेतले गेले, आणि बीमच्या ऊर्जेतल्या बदलांचा मोठा भाग लेझरच्या मोजलेल्या बदलांशी जोडता आला. म्हणजे 'प्लाझ्मा लहरी स्वभावाचाच आहे' असं म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही.

उपाय तीन. पहिला, फोकसची जागा आणि दिशा स्थिर ठेवणारा साधा फीडबॅक वेगळा चालवा. ते काम ऑप्टिमायझरकडून करून घेऊ नका. दुसरा, संदर्भबिंदूवर नियमित परता: तिथले गुण सकाळच्या तुलनेत २० टक्क्यांनी घसरले असतील तर मधल्या बिंदूंची तुलना त्या उताराने दुरुस्त करा, किंवा मॉडेलमध्ये वेळ हा आणखी एक इनपुट द्या. तिसरा, कालचा डेटा फेकू नका, पण त्याच्या नोंदींना जास्त नॉइज देऊन आजच्या रनची सुरुवात त्यावरून करा. शिखराचा आकार सहसा टिकतो, शिखराची जागा थोडी सरकते.

१३. रिकामे शॉट आणि सॅच्युरेट झालेले शॉट यांचं काय करायचं?

रिकामा शॉट गाळू नका. 'इथे बीम येत नाही' ही माहिती मोलाची आहे. पण त्याला सूत्र जसंच्या तसं लावलंत तर फसाल. समजा पडद्यावर काहीच नाही, फक्त कॅमेऱ्याचा एक गरम पिक्सेल आहे. विश्लेषण त्याला ०.५ पिकोकुलोंब, १२० मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट, पसारा ०.२ असं वाचतं. प्रश्न ७ मधल्या सूत्राने याचे गुण ४२४, म्हणजे खऱ्या, सुंदर बीम 'अ'च्या दुपटीहून जास्त! अल्गोरिदम मग रात्रभर रिकाम्या कोपऱ्यात बसतो.

म्हणून पार्श्वभूमी वजा करा, मध्यक फिल्टरने सुटे पिक्सेल काढा, चार्जचा उंबरठा ठेवा (लेझर बंद असताना मिळणाऱ्या आकड्यांच्या प्रमाण विचलनाच्या पाच पट) आणि त्याखालच्या शॉटला सरळ शून्य गुण द्या. पसाऱ्याला स्पेक्ट्रोमीटरच्या विभेदनक्षमतेपेक्षा कमी होऊ देऊ नका.

सॅच्युरेट झालेला शॉट उलट दिशेने फसवतो: शिखर कापलं जातं, चार्ज कमी आणि पसारा जास्त दिसतो, आणि अल्गोरिदम सर्वांत चांगल्या जागेपासून दूर पळतो. कॅमेऱ्याचा गेन संदर्भबिंदूवर न ठरवता, अपेक्षित सर्वोत्तम बीम धरून ठरवा. बीम पडद्याच्या कडेबाहेर जात असेल तर तो शॉट 'अवैध' म्हणून खूण करा.

१४. चार्ज आणि अरुंद पट्टी दोन्ही हवेत, पण एक वाढलं की दुसरं बिघडतं. मग?

हे भौतिकीतूनच येतं. इलेक्ट्रॉनांचा गुच्छ स्वतःच्या क्षेत्राने लहर बदलतो. ठरावीक चार्जला त्वरणक्षेत्र गुच्छभर सपाट होतं आणि पसारा कमी राहतो. त्यापेक्षा जास्त भरलंत की गुच्छाच्या शेपटीला कमी ऊर्जा मिळते. कमी भरलंत तरी पसारा वाढतो, फक्त उतार उलट.

एका सूत्रात वजनं ठरवणं अवघड वाटत असेल तर बहुउद्दिष्ट ऑप्टिमायझेशन चालवा. त्यात एक बिंदू न मिळता तडजोडीची पूर्ण सीमा मिळते आणि वापरणारा तिच्यावरून आपल्याला हवी ती जागा निवडतो. शॉट साधारण दुप्पट-तिप्पट धरा. तीनपेक्षा जास्त उद्दिष्टं ठेवू नका. सीमेवरचे बिंदू इतके विरळ होतात की निवड पुन्हा अंदाजावर येते.

१५. सिम्युलेशनमध्येच उत्तर शोधून ते प्रयोगात का लावू नये?

कारण सिम्युलेशनमधला लेझर आदर्श असतो. खऱ्या पल्सचा वेव्हफ्रंट, फोकसभोवतीची प्रभा आणि वायूची खरी घनता-आकृती पुरेशी माहीत नसते. तरीही सिम्युलेशन दोन ठिकाणी अनमोल आहे: नॉबची कक्षा ठरवायला आणि मॉडेलला सुरुवातीचा आकार द्यायला.

हिशेब वाचवायला वेगवेगळ्या अचूकतेची सिम्युलेशन एकत्र वापरा. सरलीकृत मॉडेल काही मिनिटांत चालतात. एफबीपिकसारखा पार्टिकल-इन-सेल कोड (प्लाझ्मातल्या कणांचा माग ठेवणारा) काही तास घेतो. बहु-अचूकता बेझियन पद्धत स्वस्त मॉडेलवर शोधाशोध करते आणि आशादायक बिंदूंपुरतंच महाग मॉडेल चालवते. मात्र स्वस्त मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉन लहरीत शिरण्याची प्रक्रियाच नसेल तर ते चार्जबद्दल काहीही सांगू शकत नाही. दोन्हींचा सहसंबंध आधी दहा-वीस बिंदूंवर तपासा. तो कमकुवत असेल तर स्वस्त मॉडेलमुळे दिशाभूलच होते.

१६. अल्गोरिदम लेझरचं नुकसान करू शकतो का?

करू शकतो, आणि म्हणूनच मर्यादा अल्गोरिदमच्या बाहेर, कंट्रोल सिस्टिममध्ये असाव्यात. पायथनमधली कक्षा ही सुरक्षा नव्हे.

सर्वांत धोक्याचा नॉब डिफॉर्मेबल मिरर. मोठ्या विकृतीमुळे पुढच्या ऑप्टिक्सवर तीव्रतेचे ठिपके पडतात आणि ग्रेटिंग जळतात. मिररला ॲक्च्युएटरच्या व्होल्टेजने न चालवता झर्निक गुणकांनी (वेव्हफ्रंटच्या ठरावीक आकारांच्या प्रमाणांनी) चालवा, प्रत्येक गुणकाला मर्यादा घाला आणि वेव्हफ्रंट सेन्सरच्या बंद फेऱ्यात ठेवा. ॲक्च्युएटरमधल्या पिझोचा हिस्टेरिसिसही (आधीच्या हालचालीवर त्याची जागा अवलंबून असणं) त्यामुळे सुटतो. अकूस्टो-ऑप्टिक फिल्टरचा फेज द्या, पण वर्णपटाची तीव्रता बदलायची मुभा देऊ नका: वर्णपटात खाच पडली की ताणलेली पल्स ॲम्प्लिफायरमध्ये टोकदार होऊ शकते. वायूच्या दाबाची कमाल मर्यादा टर्बो पंपाच्या क्षमतेवरून ठरवा. आणि बीम भलत्या दिशेला गेला तर विकिरणाचा इंटरलॉक स्वतंत्रपणे लेझर थांबवेल याची खात्री करा. ऑप्टिमायझर विचित्र सेटिंग्ज मागतोच, तो त्याच्या कामाचा भाग आहे.

१७. अल्गोरिदम सारखा कक्षेच्या कडेला जातो. बिघाड आहे का?

बहुधा नाही. नॉब वाढले की जागेचा बराचसा भाग कडांपाशी असतो आणि तिथेच मॉडेलची अनिश्चितता सर्वाधिक असते, म्हणून माहितीच्या शोधात ते तिकडे जातं. वीस फेऱ्यांनंतरही हेच चालू असेल तर शोध आणि सुधारणा यांचा तोल सुधारणेकडे झुकवा, किंवा सध्याच्या उत्तम बिंदूभोवती छोटा विश्वासाचा प्रदेश आखा, जो यश मिळालं की वाढतो आणि अपयश आलं की आकसतो. गुण मात्र कडेवरच खरोखर सर्वाधिक असतील तर प्रश्न वेगळा: तुमची कक्षा चुकली आहे. प्रश्न १६ मधल्या मर्यादा पाहून ती वाढवा.

१८. लेझर वीस सेकंदांना एकच शॉट देतो. तरी उपयोग आहे का?

तासाला १८० शॉट होतात, म्हणजे उपयोग आहे, पण दोन-तीन नॉबपुरता. अशा वेळी सरासरी काढू नका. प्रत्येक शॉट त्याच्या प्रत्यक्ष मोजलेल्या ऊर्जा, दाब आणि फोकसच्या जागेसह वेगळी नोंद म्हणून द्या. लेझरचा नैसर्गिक चढउतारच मग तुमच्यासाठी आसपासचे बिंदू तपासतो. प्रश्न १५ मधलं सिम्युलेशन इथे सर्वाधिक कामाला येतं.

१९. सापडलेला बिंदू सर्वांत छोट्या पल्सवर किंवा सर्वांत तीक्ष्ण फोकसवर नाही. काही चुकलं का?

नाही. निर्वातातला सर्वोत्तम फोकस आणि प्लाझ्मातला सर्वोत्तम फोकस एक नसतो. प्लाझ्मा पल्सला स्वतः आवळतो आणि लांबीतही कापतो. ५ × १०^१८ घनतेला ८०० नॅनोमीटरच्या लेझरसाठी स्वतः आवळण्याची मर्यादा सुमारे ६ टेरावॉट आहे, म्हणजे बऱ्याच लेझरना ती सहज ओलांडता येते. तिसऱ्या ऑर्डरचा फेज पल्सचा उदय हळू किंवा झटकन करतो, आणि त्यावर इलेक्ट्रॉन लहरीत केव्हा शिरतात ते अवलंबून असतं. अशा अनपेक्षित बिंदूंवरच खरी भौतिकी शिकायला मिळते. बिंदूभोवती एकेक नॉब हलवून छोटे छेद घ्या आणि तोच बिंदू सिम्युलेशनमध्ये घाला.

२०. सापडलेलं शिखर खरं आहे हे कसं तपासायचं?

५० सेटिंग्ज अगदी सारख्याच चांगल्या असत्या आणि प्रत्येकीच्या सरासरीत ८ टक्के अनिश्चितता असती, तरी त्यांतली 'सर्वोत्तम' दिसणारी सेटिंग खऱ्या मूल्यापेक्षा सुमारे १८ टक्के वर दिसली असती. म्हणून रनमध्ये दिसलेला सर्वाधिक आकडा कधीही निकाल म्हणून लिहू नका. मॉडेलच्या मध्यवर्ती अंदाजाचं शिखर घ्या आणि तिथे व संदर्भबिंदूवर आलटून पालटून २०-२० शॉटचे काही गट घ्या. आलटून पालटून घेतल्याने लेझरचा सरकता बदल दोन्हींवर सारखा पडतो. निकाल म्हणून हा फरक द्या.

२१. प्रोटॉन त्वरकाला हीच पद्धत लागू पडते का?

सांगाडा तोच. नॉब बदलतात: टार्गेटची जाडी आणि जागा, मुख्य पल्सआधी येणारा प्रकाश, फेज. दर शॉटला टार्गेट नष्ट होतं, म्हणून सरकती फीत किंवा द्रवाचा पातळ पडदा लागतो, आणि त्याच्या जागेतला काही मायक्रॉनचा फरकही गुणांत दिसतो. ती जागा दर शॉटला मोजा आणि इनपुट म्हणून द्या. घन टार्गेटवरून मागे फिरणारा प्रकाश लेझरमध्ये शिरू शकतो. प्रश्न १६ मधल्या यादीत ही मर्यादा भरा.

२२. किलोहर्ट्झ लेझरवर काय बदलतं? रीइन्फोर्समेंट लर्निंग तिथे बरं का?

तिथे शॉट स्वस्त आणि हिशेब महाग होतो. दहा शॉटना १० मिलिसेकंद लागतात, पण काहीशे बिंदूंवर गॉशियन प्रोसेस बसवून पुढचा बिंदू काढायला एक सेकंद जरी लागला तरी हजार शॉट निघून जातात. शिवाय बिंदू दुप्पट केले की हिशेब आठपट होतो. वेगवान लेझरवर हलका, स्थानिक शोध (प्रत्येक नॉबला सूक्ष्म कंप देऊन उतार ओळखणं) सतत चालवावा आणि बेझियन शोध दिवसाच्या सुरुवातीला एकदा करावा, हे आम्हाला जास्त पटतं. रीइन्फोर्समेंट लर्निंगला (प्रयत्न आणि बक्षिसातून शिकणाऱ्या पद्धतीला) शिकायला हजारो प्रयोग लागतात. ते आधी सिम्युलेशनवर किंवा साठवलेल्या डेटावर शिकवून मगच लेझरवर आणावं.

२३. काय काय साठवून ठेवायचं?

कच्च्या प्रतिमा, शॉट क्रमांक आणि वेळ. प्रत्येक नॉबचं मागितलेलं आणि वाचलेलं मूल्य. टाकून दिलेले आणि अवैध ठरवलेले शॉट त्यांच्या कारणासह. गुणांच्या सूत्राची आवृत्ती, मॉडेलच्या सेटिंग्ज आणि यादृच्छिक बीज. फक्त गुण साठवलेत तर सूत्र बदलल्यावर जुना डेटा निरुपयोगी होतो. कच्च्या प्रतिमा असतील तर नवं सूत्र जुन्या शॉटवर लावून तोच रन नव्या उद्दिष्टासाठी पुन्हा वापरता येतो. जागा कमी पडत असेल तर स्पेक्ट्रोमीटरच्या प्रतिमेचा फक्त बीम येण्याचा पट्टा कापून ठेवा, पण पार्श्वभूमी वजा करण्यापूर्वीचा.